सासऱ्यांना नागीण झाली होती, आता लेकीला कांजिण्या. एकामुळे दुसरं होतं का?

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लेक साडेचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत. काल मंगळवारी सकाळी आंघोळ घालताना पोटावर दोन-तीन लाल पुटकुळ्या दिसल्या, मला वाटलं डास चावले, संध्याकाळपर्यंत पाठीवर, छातीवर, केसांत, अगदी कानामागे सुद्धा पाण्याने भरलेले फोड. डॉक्टरांनी नुसतं बघूनच सांगितलं कांजिण्या. ताप आहे पण फार नाही, पॅरासिटामॉल चालू आहे, खाजेने रडकुंडीला येते बाकी तशी खेळतेय.

आता खरा गोंधळ. वर्गात तिच्या आधी कुणालाच झालेल्या नाहीत. शाळेच्या ग्रुपवर मी प्रामाणिकपणे कळवलं तर एका आईने लगेच लिहिलं की सोमवारी तुम्ही आजारी मुलीला शाळेत पाठवलंतच कसं. अहो सोमवारी तिला काहीही नव्हतं, डबा संपवून आली होती! मग माझ्या डोक्यात आलं की अडीच-तीन आठवड्यांपूर्वी सासऱ्यांना बरगडीवर नागीण झाली होती, ही सारखी त्यांच्या मांडीवर, सासूबाई त्यांना कॅलामाइन लावायच्या तेव्हा ही पण कापसाचा बोळा घेऊन "मी लावते" म्हणून मध्ये मध्ये. त्यातून आलं असेल का? आमच्या शेजारच्या काकू म्हणतात नागीण वेगळी, कांजिण्या वेगळ्या, त्याचा काही संबंध नाही. आणि सासरे म्हणतात मला जन्मात कधी कांजिण्या झालेल्या नाहीत.

दुसरं म्हणजे रविवारी दुपारी धाकटे दीर आणि जाऊबाई जेवायला आले होते, रात्रीपर्यंत होते, जाऊबाईंना पाचवा महिना चालू आहे आणि लेक त्यांना चिकटूनच होती. घरात धाकटा नऊ महिन्यांचा. आणि अहोंना लहानपणी झाल्या होत्या की नाही यावर सासूबाईंचं रोज वेगळं उत्तर, काल "नाही झाल्या", आज "आठवत नाही". दोन्ही मुलांच्या सरकारी लसी वेळच्या वेळी झाल्यात, धाकट्याला नऊ महिन्यांची पण परवाच दिली, मग ही कशी झाली? हे नक्की पसरतं कसं, हवेतून की हात लावून? कुणाला किती दिवस धोका? खेळणी, चादरी उकळायच्या का? सगळं एकदम विचारतेय, माफ करा.

रात्रपाळी

ताई, मी डॉक्टर नाही, पण मुलांच्या ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत, तेव्हा जे माहीत आहे ते सांगते आणि आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकी नंतर वाचा.

जाऊबाईंना आत्ताच फोन करा. उद्या नाही, आज. त्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या का हे त्यांच्या आईला विचारायला सांगा, कारण एकदा होऊन गेल्या असतील तर परत व्हायची शक्यता अगदी कमी आणि मग बाळालाही भीती नाही. झाल्या नसतील किंवा नक्की माहीत नसेल तर त्यांनी त्यांच्या गायनॅकला फोन करून सांगायचं की अमुक दिवशी कांजिण्या झालेल्या मुलीच्या जवळ होते. रक्ताची एक टेस्ट असते, त्यात अँटीबॉडी, म्हणजे ह्या व्हायरसशी लढणारी रक्तातली प्रथिनं, आहेत की नाही ते कळतं. नसतील तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीचं, इंजेक्शन संपर्कानंतर १० दिवसांच्या आत देता येतं, म्हणजे तुमच्या हिशेबाने पुढच्या बुधवारपर्यंत, पण ते महाग असतं आणि सगळीकडे लगेच मिळतंच असं नाही म्हणून आजच हालचाल करा म्हणतेय. काही वेळा डॉक्टर त्याऐवजी व्हायरसवरच्या गोळ्या देतात, ते त्यांचं ते ठरवतील. आणि हो, फोनच करा, थेट जाऊन वेटिंग रूममध्ये बसू नका, तिथे बाकीच्या गरोदर बायका असतात. गरोदरपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात दोष राहायचा धोका असतो, पण तो शंभरात एक-दोन असा आहे, त्यामुळे त्यांना घाबरवून सोडू नका. आईलाच न्यूमोनिया होऊ शकतो ही जास्त काळजीची गोष्ट.

आता तुमचा प्रश्न. शेजारच्या काकूंना सांगा, नागीण आणि कांजिण्या एकाच व्हायरसचे दोन अवतार आहेत, व्हॅरिसेला झोस्टर त्याचं नाव. पहिल्यांदा अंगात शिरतो तेव्हा कांजिण्या होतात. फोड वाळतात, मूल बरं होतं, पण व्हायरस जात नाही, पाठीच्या कण्याजवळ नसांच्या ज्या गाठी असतात तिथे जाऊन गप्प पडून राहतो, चाळीस वर्षं, साठ वर्षं. वय झालं, ताकद कमी झाली की त्यातल्या एका नसेतून खाली उतरतो आणि त्या नसेच्या पट्ट्यात फोड येतात, म्हणून नागीण नेहमी एकाच बाजूला पट्ट्यासारखी. त्यामुळे सासरे काहीही म्हणोत, नागीण झाली याचा अर्थच लहानपणी कधीतरी कांजिण्या होऊन गेल्यात. चार-पाच फोडांवर भागलं असेल, कुणी लक्ष दिलं नसेल.

नागिणीच्या त्या फोडांतल्या पाण्यात जिवंत व्हायरस असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत अशा मुलाने त्याला हात लावला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. नागीण नाही होत, कांजिण्याच होतात. आणि संसर्गापासून फोड दिसेपर्यंत १० ते २१ दिवस लागतात, बहुतेकांना १४ ते १६. तुमचं "अडीच-तीन आठवडे" यात बरोबर बसतंय, त्यात कापसाचा बोळा, म्हणजे माझा तरी संशय आजोबांवरच. पण शंभर टक्के कुणीच सांगू शकणार नाही, बागेत, लग्नात, कुठेही घेतलं असेल.

शाळेतल्या त्या आईंना एवढंच सांगा की फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असतं. तेव्हा ताप नाही, पुरळ नाही, काही नाही. हा आजार शाळांतून आटोक्यात येत नाही त्याचं कारणच हे आहे. नाव घ्यायचंच तर व्हायरसचं घ्या, आईचं कशाला.

लसीचं म्हणाल तर नऊ महिन्यांची सरकारी लस गोवर आणि रुबेलाची, तिचा कांजिण्यांशी संबंध नाही. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीच, पैसे भरून खाजगीत घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला पहिला डोस १५ महिन्यांना आणि दुसरा १८-१९ महिन्यांना असा आहे. निम्म्या आयांना वाटतं गोवराची घेतली म्हणजे झालं.

अहोंना लस देता येते, संपर्कानंतर तीन दिवसांत दिली तर उत्तम, पाच दिवसांपर्यंत तरी चालते, म्हणजे शुक्रवारच्या आत. उद्याच फिजिशियनला विचारा. धाकट्याचं सविस्तर नंतर लिहिते, ड्युटीला जायचंय.

नानी_नाशिककर

बाळा, घाबरू नकोस, आमच्या वाड्यात तर उन्हाळा लागला की एकाच्या मागे एक सगळी पोरं लाइनीत पडायची. कडुलिंबाचा पाला आणून अंथरुणाखाली घाल, पाल्यानेच वारा घाल, खाजवू देऊ नकोस. घरात फोडणी देऊ नये, तळण करू नये, आंघोळ घालू नये सगळ्या खपल्या पडेपर्यंत. नारळाचं पाणी, ताकभात, मुगाचं वरण. आणि सासऱ्यांच्या नागिणीवर गेरू लावला होता का, तो लावला असता तर एवढं पसरलंच नसतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र यायच्या आत बंदोबस्त करावा लागतो.

एक गोष्ट मात्र मी पाहिलेली आहे. घरात ज्या पोराला पहिल्यांदा व्हायच्या त्याला बेताने, आणि त्याच्याजवळ झोपणाऱ्या दुसऱ्या पोराला त्याच्या दुप्पट. तुझ्या धाकट्याला दुसऱ्या खोलीत निजव.

रात्रपाळी

नानी, तुमचं ते शेवटचं निरीक्षण अगदी खरं आहे, घरातल्या दुसऱ्या मुलाला जास्त फोड येतात हे डॉक्टरही सांगतात, कारण एकाच बंद खोलीत दिवसरात्र राहून त्याच्या अंगात व्हायरस जास्त जातो. वेगळं झोपवणं चांगलंच, फक्त खरं सांगायचं तर घरात ज्यांना आधी झालेल्या नाहीत त्यांच्यातल्या शंभरातल्या नव्वदांना लागण होतेच, आणि रविवार-सोमवार तर ताई दोघांना एकाच ताटातून भरवत असणार.

आंघोळीचं मात्र पटत नाही हो नानी. कोमट पाण्याने हलक्या हाताने आंघोळ घालावी, घासायचं नाही, टॉवेलने टिपायचं. अंग घाण राहिलं, नखांनी खाजवलं की फोडांत जंतू जातात आणि मग पू होतो, ओपीडीत अँटिबायोटिक लागणारी मुलं असतात ती बहुतेक ह्यामुळेच. नखं कापा, रात्री हातात सुती मोजे घाला. कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकायचा तर टाका, त्याने काही बिघडत नाही. फोडणीचा आणि व्हायरसचा काही संबंध नाही, आजारी पोराला बेचव खायला घालून आणखी अशक्त कशाला करायचं. आणि नागिणीचं तोंड-शेपूट मिळत नाही, ती एका नसेच्या पट्ट्यातच असते, कमरेला पूर्ण वेढा क्वचितच पडतो आणि पडला तरी त्याने माणूस जात नाही. गेरूने काही होत नाही, व्हायरसवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर फायदा होतो.

अ‍ॅस्पिरिन अजिबात द्यायची नाही, डोकं दुखतं म्हणून घरातली डिस्प्रिन सुद्धा नाही, मुलांना त्यातून मेंदू आणि लिव्हरचा गंभीर त्रास होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळा, पॅरासिटामॉलवरच भागवा.

पेठेतला_एक

इतका बाऊ कशाला करता राव. आमच्या वेळी ज्याला झाल्या त्याच्याकडे मुद्दाम खेळायला पाठवायचे, एकदा होऊन गेल्या की आयुष्यभराची कटकट मिटली. लस वगैरे सगळं डॉक्टरांचं दुकान. दोन-दोन हजार रुपये एका डोसचे.

लीड्सकर

अहो मुद्दाम खेळायला पाठवणं फक्त पेठेत नव्हतं, इथे इंग्लंडमध्ये त्याला पार्टी म्हणायचे! माझा मुलगा नर्सरीत असताना एका मैत्रिणीने खरंच बोलावलं होतं, ये, आमच्याकडे कांजिण्या आल्यात म्हणून. मी नाही गेलो.

पण इथली गंमत वेगळीच आहे आणि ती ह्या धाग्याशी थेट जुळते. अमेरिकेने १९९५ पासून कांजिण्यांची लस द्यायला सुरुवात केली, ब्रिटनने मात्र कित्येक वर्षं सगळ्या मुलांना दिलीच नाही, आणि त्याचं कारण होतं नागीण! इथल्या तज्ज्ञांचं म्हणणं असं की म्हाताऱ्या माणसांच्या अंगातला झोपलेला व्हायरस दाबून ठेवायला अधूनमधून कांजिण्या झालेली नातवंडं जवळ येणं उपयोगी पडतं, त्याने त्यांची प्रतिकारशक्ती ताजी होते. मुलांच्या कांजिण्याच बंद झाल्या तर पुढची काही वर्षं मोठ्यांमध्ये नागीण वाढेल. म्हणजे नातवाने आजारी पडून आजोबांना वाचवायचं असा सरकारी हिशेब. मला कधीच पटला नव्हता. अमेरिकेत भीती होती तेवढी नागीण वाढलेली दिसली नाही, शेवटी २०२६ च्या जानेवारीपासून इथे पण गोवर-गालगुंड-रुबेलाबरोबर कांजिण्यांची लस एकत्र करून सगळ्या मुलांना द्यायचं ठरलं.

त्यामुळे ताई, तुमच्या पुढे जर हा प्रश्न असेल की आता लेकीच्या कांजिण्यांमुळे सासऱ्यांना परत नागीण होईल का, तर नाही. नागीण कुणाकडून लागत नाही, ती स्वतःच्याच अंगातून येते.

पेठेतले काका, अमेरिकेत लस यायच्या आधी वर्षाला साधारण ४० लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या, दहा हजारांहून जास्त हॉस्पिटलात जायचे आणि शंभरएक दगावायचे. टक्क्यात काढलं तर काहीच नाही, पण ती सगळी तुमच्याआमच्यासारखीच माणसं होती.

खोदकाम

लीड्सकरांनी विषय काढलाच आहे तर थोडं मागे जातो, मला हा किस्सा प्रचंड आवडतो आणि सांगायला सहसा कुणी भेटत नाही.

ताईंना जो संशय आला ना, तोच बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या बालरोगतज्ज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला होता. घरात कुणाला तरी नागीण होते आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि लिहून ठेवलं. बऱ्याच लोकांनी मानलं नाही, दोन्ही आजार इतके वेगळे दिसतात की एकच कसे असतील. मग १९२०च्या दशकात व्हिएन्नात कुंद्रातिट्झ नावाच्या डॉक्टरने नागिणीच्या फोडातलं पाणी काढून लहान मुलांना टोचलं, आणि त्यांना कांजिण्या झाल्या. (आज कुणी असं केलं तर थेट तुरुंगात जाईल.)

पुढे अमेरिकेत थॉमस वेलर. हा मनुष्य १९४८ मध्ये कांजिण्यांचा व्हायरस काचेच्या भांड्यांत वाढवायच्या मागे होता, थोडी भांडी शिल्लक राहिली त्यात त्याने फ्रीजरमधला पोलिओचा व्हायरस घातला. कांजिण्यांचा वाढला नाही, पोलिओचा वाढला, आणि त्या कामावर १९५४ चं नोबेल मिळालं. कांजिण्यांचा व्हायरस त्याने नंतर वाढवलाच, आणि नागिणीतला नि कांजिण्यांतला व्हायरस एकच हे दाखवून दिलं.

पण माझा हिरो वेगळा आहे, एडगर होप-सिम्प्सन. मोठा शास्त्रज्ञ वगैरे नाही, इंग्लंडच्या सायरनसेस्टर गावातला साधा जीपी, म्हणजे आपला गल्लीतला फॅमिली डॉक्टर समजा. ह्याने वर्षानुवर्षं आपल्याकडे आलेल्या प्रत्येक नागिणीच्या पेशंटची नोंद ठेवली. आणि त्याला प्रश्न पडला की अगदी लांबच्या, कमी वस्तीच्या बेटावर कांजिण्या टिकतात कशा? गोवराचं बघा, गोवर टिकून राहायला लाखोंची वस्ती लागते, छोट्या बेटावर आला की सगळ्यांना होऊन जातो आणि संपतो, परत बाहेरून बोट येईपर्यंत नाही. कांजिण्या मात्र छोट्या वस्तीतही परत परत उगवतात. हा पठ्ठ्या त्यासाठी स्कॉटलंडच्या वर शेटलंडमधल्या येल नावाच्या बेटावर गेला, तिथल्या लोकांच्या घरोघरच्या आजारांचा माग काढला. १९६५ मध्ये त्याने आपलं म्हणणं छापलं: व्हायरसला बोटीची गरजच नाही, तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या नसांत राखेखालच्या निखाऱ्यासारखा राहतो, एखाद्या आजीला नागीण होते आणि तिच्याकडून नव्या जन्मलेल्या पोरांत परत जातो. लीड्सकर म्हणतात तो "नातवंडांमुळे प्रतिकारशक्ती ताजी राहते" हा विचारही ह्याच माणसाचा.

म्हणजे ताई, तुमच्या घरात जे झालं ते ह्या व्हायरसचं ठरलेलं काम आहे. तो माणसातच राहतो, कुठल्या प्राण्यात नाही, आणि दोन पिढ्यांमधली फट ओलांडायची युक्ती त्याच्याकडे आहे. गोवराकडे ती नाही.

लसीचं दुकान म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटचं. लस काढली जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी. १९६४ मध्ये ते अमेरिकेत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या झाल्या, पोराचा ताप आणि श्वासाचा त्रास बघून रात्ररात्र जागले, आणि जपानला परतल्यावर त्याच कामाला लागले. १९७४ मध्ये लस तयार झाली. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातून घेतलेला व्हायरस त्यांनी दुबळा केला, आजही लसीत तोच ओका वाण बहुतेक जगभर वापरला जातो.

पेठेतला_एक

बरं बरं. माहिती चांगली आहे. पण मग आमच्या पुतणीला लस दिली होती तरी झाल्या त्याचं काय?

बालवाडी_बाई

मी एक छोटी प्लेस्कूल चालवते, लस दिलेल्या मुलांना झालेल्या मी पण बघितल्यात, अंगावर पंधरा-वीस पुटकुळ्या, त्यातल्या निम्म्या पाण्याच्या नाहीतच, ताप नाही, आणि पालक म्हणतात घामोळं आहे. तिथेच फसतं. पालकांना दोष देत नाही, दोघं नोकरी करतात, एक आठवडा मुलाला घरी कोण बघणार, सुट्ट्या संपलेल्या असतात. पण फोडांवर पावडर लावून फुलशर्ट घालून मूल पाठवतात तेव्हा खरंच राग येतो. कारण वर्गात मी लक्ष ठेवू शकते, व्हॅनमध्ये आणि रिक्षात कोण ठेवणार? एका रिक्षात आठ-नऊ पोरं एकमेकांच्या मांडीवर, पावसाळ्यात पडदे सोडलेले, अर्धा तास. माझ्याकडे मागे लागण झाली तेव्हा मी वही घेऊन बसले तर वर्ग वेगवेगळे निघाले आणि रिक्षा एकच.

रात्रपाळी

सुटले ड्युटीवरून. बाई, रिक्षाचं अगदी पटलं. बंद जागेत पंधरा मिनिटं बरोबर असणं किंवा समोरासमोर बसून बोलणं, खेळणं हे संपर्क धरायला पुरेसं असतं. आजार पसरतो श्वासातून, खोकल्या-शिंकेतून आणि फोडांतल्या पाण्यातून, आणि त्या फोडांतून व्हायरस हवेतही जातो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाऱ्याने जातो असं मात्र नाही. म्हणून खोलीची खिडकी उघडी ठेवा, "वारा लागू नये" म्हणून बंद करू नका. खेळणी उकळत बसू नका, हा व्हायरस बाहेर फार टिकत नाही. टॉवेल-चादरी वेगळ्या, नेहमीसारख्या साबणाने धुवा, बास.

नागिणीच्या माणसाचं जरा वेगळं. तो सहसा हवेतून पसरवत नाही, फोड ओले असेपर्यंत कपड्याने झाकून ठेवले तर धोका बराच कमी होतो. पुढच्या वेळी कुणाला झाली तर आधी बनियन मग नातवंडं.

पुतणीचं उत्तर: एका डोसनंतर साधारण शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी मुलांचा बचाव होतो, दोन डोसनंतर नव्वदच्या वर. ज्यांना तरी होतात त्यांना बेताच्या होतात, आणि फोड पन्नासच्या आत असतील तर ती मुलं दुसऱ्यांना देण्याचं प्रमाणही एक तृतीयांशावर येतं. पण देतात, म्हणून बाई म्हणतात ते घामोळं नीट बघावं.

ताई, आता धाकटा. रविवारपासून मोजा, त्याला व्हायच्या असतील तर पुढच्या बुधवारच्या आत सहसा दिसणार नाहीत, जास्त करून त्यानंतरच्या रविवारच्या आसपास. लेकीचे सगळे फोड वाळून खपली धरेपर्यंत ती पसरवत राहणार, पहिल्या फोडापासून पाचेक दिवस, कधी आठवडा. त्या शेवटच्या दिवसापासून पुढे २१ दिवस धाकट्यावर नजर ठेवा. आईकडून आलेलं संरक्षण ह्या वयात बरंचसं संपलेलं असतं आणि लस वर्षाच्या आत देत नाहीत, त्यामुळे आत्ता करण्यासारखं फार नाही. त्याच्या डॉक्टरांना कळवून ठेवा, आणि त्या दिवसांत त्याला कुणा गरोदर बाईच्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाच्या हातात देऊ नका.

लेकीचा ताप चार-पाच दिवसांनी उतरून परत चढला, एखादा फोड लाल होऊन सुजला, श्वास लागला, किंवा बरं होता होता चालताना तोल जायला लागला तर लगेच दाखवा, वाट बघू नका.

दुपारची_झोप

खूप खूप आभार सगळ्यांचे, रात्री लेक झोपल्यावर सगळं दोनदा वाचून काढलं, खोदकाम यांचा तो बेटावरचा किस्सा सासऱ्यांना वाचून दाखवला, ते मघापासून "म्हणजे मीच दिल्या" म्हणून हिरमुसले होते, आता म्हणतात मी त्या बेटावरचा म्हातारा.

जाऊबाईंच्या आईला फोन झाला, त्या म्हणतात दुसरीत असताना झाल्या होत्या, कपाळावर व्रण आहे तो त्याचाच. तरी गायनॅकने टेस्ट करायला सांगितली, ते लॅबवाल्याला घरी बोलावून करणार आहेत, रिपोर्ट आला की कळवते. अहो उद्या लस घ्यायला जाताहेत, सासूबाईंनी आज तिसरं उत्तर दिलं, "तुझ्या मोठ्या दिराला झाल्या होत्या बहुतेक".

बाईंचं वाचून मी उठून रिक्षाकाकांना मेसेज टाकला. सोमवारी रिक्षात लेकीबरोबर सात मुलं होती, त्यांच्या घरी कळवायला सांगितलं. तर त्यांचा उलटा प्रश्न आला, मॅडम माझं काय, मला कधी झाल्यात की नाही माहीत नाही, गावाकडं आई होती ती पण राहिली नाही आता विचारायला. वय असेल बत्तीस-पस्तीस. त्यांनी काय करायचं?

रात्रपाळी

बरं झालं त्यांनी विचारलं. आपल्याकडे लहानपणी निसटलेली बरीच मोठी माणसं असतात आणि मोठेपणी झाल्या तर त्रास जास्त होतो. त्यांनी पण शुक्रवारच्या आत डॉक्टरांना विचारून लस घेतली तर चांगलं, मोठ्यांना दोन डोस लागतात, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने. आधी होऊन गेलेल्या असल्या आणि वरून लस घेतली तरी काही अपाय नाही. पैशाचा प्रश्न असेल तर निदान एवढं सांगा, पुढच्या बुधवारपासून साधारण दीड आठवडा ताप, अंगदुखी किंवा एखादी जरी पुटकुळी दिसली तर त्या दिवशी रिक्षा काढायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, मोठ्यांना गोळ्या पहिल्या २४ तासांत सुरू केल्या तरच खरा उपयोग होतो. घरात बायको गरोदर आहे का, तान्हं मूल आहे का, हेही विचारा.

बालवाडी_बाई

ताई, त्या सात मुलांच्या पालकांनी मिळून काकांच्या एका डोसचे पैसे काढले तर माणशी तीनशेच्या आत पडेल. मी आमच्या ग्रुपवर असंच केलं होतं, कुणी नाही म्हटलं नाही.